अर्धं सांगितलेलं दुखणं

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात माझ्या भाचीला स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. तिचं वय तेव्हा ३८ होतं. पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत एक छापील कागद पुढे सरकवला. त्यात एक प्रश्न होता : रक्ताच्या नात्यात कोणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला होता का? झाला असल्यास कोणत्या वयात? भाचीने माझ्याकडे पाहिलं. तिची आई, म्हणजे माझी बहीण, आता नाही. त्यामुळे उत्तर मलाच द्यायचं होतं. आमची थोरली मावशी १९८६ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी गेली. ती कशाने गेली हे मला खात्रीने सांगता येईना.

मला आठवत होतं ते एवढंच, की शेवटच्या वर्षात मावशीचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजला होता. ती भजनी मंडळात म्हणायची आणि झांज वाजवायची. तिने झांज खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. हातात वात भरलाय, असं घरात सांगितलं जाई. दोनदा तिला मिरजेला नेऊन आणलं. ती गेल्यावर दवाखान्याचे सगळे कागद आईने बंबात घातले. “घरात लग्नाच्या मुली आहेत,” हे आईचं वाक्य मी दाराआडून ऐकलं होतं. त्या लग्नाच्या मुली म्हणजे मी आणि माझी बहीण.

महाविद्यालयात मी ३१ वर्षं इतिहास शिकवला. कागद नसेल तर इतिहास नाही, असं मुलांना सांगत आले. डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून तेच वाक्य स्वतःच्या घराविषयी मनात म्हणावं लागेल, असं कधी वाटलं नव्हतं.

किमोथेरपीच्या वेळी तीन-तीन तास सलाइन चालायचं. भाची कानात इअरफोन घालून पडून राही. एकदा तिने एका बाजूचा इअरफोन काढून माझ्या कानात दिला. “मावशी, ही बाई ऐक. हिलाही हेच झालं होतं.” साधी गिटार, मागे पक्ष्यांचा किलबिलाट आणि एक बाईचा आवाज. तो आवाज चढत चढत अशा ठिकाणी गेला, की तो गळ्यातून येतोय की बासरीतून हे कळेना. गाणाऱ्या बाईचं नाव मिनी रिपर्टन.

त्या रात्री मी तिच्या जुन्या कार्यक्रमांची चित्रणं शोधून पाहिली. १९७९ च्या उन्हाळ्यातलं एक होतं, माइक डग्लस यांच्या टेलिव्हिजन कार्यक्रमातलं. ती हसत होती, गात होती, डाव्या हाताने लय दाखवत होती. उजवा हात मात्र एका जागी ठेवल्यासारखा होता, हलतच नव्हता. तो हात मी ओळखला. माझ्या मावशीचा होता. त्यानंतरचे कितीतरी महिने मी या बाईची माहिती जमवत राहिले. हा लेख त्यातून झाला आहे.

शिकागोची धाकटी लेक

मिनी रिपर्टनचा जन्म ८ नोव्हेंबर १९४७ रोजी शिकागोत झाला. आठ भावंडांत ती सर्वांत धाकटी. शहराच्या दक्षिण भागातली ही वस्ती कृष्णवर्णीयांची. दक्षिणेकडच्या राज्यांतली शेतमजुरी आणि वर्णद्वेष मागे टाकून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाखो कुटुंबं उत्तरेतल्या शहरांत आली. त्यांनी सोबत चर्चमधली भक्तिगीतं आणली, ब्लूज आणले, आणि पुढे या दोहोंच्या मिश्रणातून सोल संगीत जन्माला आलं. मिनीला लहानपणी ऑपेराच्या गायकीचं रीतसर शिक्षण मिळालं. श्वास कसा धरायचा, शब्द कसा स्पष्ट टाकायचा, हे तिने तिथे घोटलं. शास्त्रोक्त गायिका होण्याचा मार्ग समोर असताना पंधरा-सोळा वर्षांच्या या मुलीने वाट बदलली आणि ती चेस रेकॉर्ड्स या शिकागोच्या प्रसिद्ध कंपनीच्या ‘द जेम्स’ नावाच्या मुलींच्या गटात गाऊ लागली.

चेसमध्ये तिने फोन घेणारी, आल्यागेल्याची नोंद ठेवणारी रिसेप्शनिस्ट म्हणूनही काम केलं. १९६५ साली गाजलेल्या फाँटेला बासच्या ‘रेस्क्यू मी’ या गाण्यात मागे साथ करणाऱ्या आवाजांत तिचा आवाज आहे. १९६७ पासून ती रोटरी कनेक्शन या गटाची गायिका झाली. त्या गटाचे संगीतकार चार्ल्स स्टेपनी यांनी या आवाजाचं मोल ओळखलं आणि १९७० साली तिची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका ‘कम टू माय गार्डन’ काढली. जाणकारांनी वाखाणली, पण फारशी खपली नाही. मिनीने रिचर्ड रुडॉल्फ या गोऱ्या गीतकाराशी लग्न केलं. दोघं फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल गावी जाऊन राहिली आणि मुलं वाढवण्यात रमली.

१९७३ साली तिच्या गाण्याची एक टेप एपिक रेकॉर्ड्स या कंपनीच्या एका तरुण उमेदवाराच्या हाती पडली आणि कुटुंब लॉस एंजेलिसला आलं. स्टीव्ही वंडर तिच्या आवाजावर लुब्ध होता. ती त्याच्या साथीच्या गायिकांतही होती. त्याने तिच्या ‘परफेक्ट एंजल’ या १९७४ च्या ध्वनिमुद्रिकेची सहनिर्मिती केली. दुसऱ्या कंपनीशी करार असल्यामुळे त्याने आपलं नाव न लावता ‘काळा बैल’ अशा अर्थाचं स्पॅनिश टोपणनाव घेतलं.

याच ध्वनिमुद्रिकेत ‘लव्हिन यू’ आहे. तान्ह्या मुलीला झोपवताना आईबाप गुणगुणत ती ही चाल. गाण्यात ढोल नाही, ताशा नाही, ड्रमचा एक ठोकाही नाही. ध्वनिमुद्रिकेवरच्या गाण्याच्या शेवटी मिनी त्या मुलीचं नावच गाते : माया. हीच माया रुडॉल्फ पुढे अमेरिकेतली नावाजलेली विनोदी अभिनेत्री झाली. एप्रिल १९७५ मध्ये हे अंगाईगीत अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, जानेवारी १९७६ मध्ये, तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं. वय २८.

जो शब्द छापत नव्हते

तिने पुढे काय केलं ते समजायला त्या काळापर्यंत हा आजार अमेरिकेत कसा लपवला जात होता हे पाहावं लागतं. आपल्याला वाटतं, तिकडे सगळं मोकळं असेल. तसं नव्हतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एका महिलेने स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रियांच्या मेळाव्याची जाहिरात द्यायला न्यूयॉर्क टाइम्सला फोन केला, तेव्हा ‘स्तन’ आणि ‘कर्करोग’ हे दोन्ही शब्द आम्ही छापू शकत नाही, ‘छातीच्या भिंतीचे आजार’ असं म्हटलं तर चालेल का, अशी विचारणा झाली. हा किस्सा सिद्धार्थ मुखर्जी यांनी कर्करोगाच्या आपल्या चरित्रात नोंदवला आहे. ‘हातात वात भरलाय’ म्हणणारं आमचं घर आणि तो मोठा पेपर, दोघांनीही नावापुढे पदर ओढला होता.

उपचारही तसाच दहशत बसवणारा होता. बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८० आणि १८९० च्या दशकांत रूढ केलेली शस्त्रक्रिया सत्तर-ऐंशी वर्षं प्रमाण मानली गेली. तीत स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी असं सगळं एकत्र काढून टाकत. शिवाय गाठ तपासणं आणि स्तन काढणं हे एकाच भुलीत उरकण्याची पद्धत होती. बाई टेबलावर झोपायची ती आपण उठू तेव्हा शरीर पूर्ण असेल की नाही हे न कळताच. गुंगीत असताना तिच्या वतीने निर्णय होई.

या पद्धतीला जाहीर नकार देणारी पहिली प्रसिद्ध स्त्री म्हणजे एकेकाळची बालतारका शर्ली टेंपल ब्लॅक. १९७२ साली तिने आधी गाठीची तपासणी, मग निर्णय, असा आग्रह धरला आणि दवाखान्यातूनच वार्ताहरांना आपल्या आजाराविषयी सांगितलं. २८ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. नवऱ्याने पद स्वीकारून दोन महिनेही झाले नव्हते. व्हाइट हाउसने आजाराचं नाव घेऊन निवेदन दिलं. पाठोपाठ ऑक्टोबरात उपराष्ट्राध्यक्षपदासाठी नाव जाहीर झालेल्या नेल्सन रॉकफेलर यांच्या पत्नी हॅपी यांचीही तीच बातमी आली. तपासणीसाठी बायकांच्या रांगा लागल्या. त्या वर्षीच्या आकडेवारीत नव्या रुग्णांची संख्या एकाएकी वर गेलेली दिसते. रोग वाढला नव्हता, दडलेला रोग सापडू लागला होता.

या तिन्ही स्त्रिया गोऱ्या होत्या, नामांकित घरांतल्या होत्या, आणि वयाने चाळिशी-पन्नाशीच्या. शिकागोच्या दक्षिण भागातल्या किंवा न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या बाईला त्यांच्यात आपला चेहरा दिसणं कठीण होतं.

ऑगस्ट १९७६

मिनीवर जी शस्त्रक्रिया झाली ती हॉल्स्टेडच्या पद्धतीहून थोडी सौम्य होती. तीत छातीचे मोठे स्नायू राखले जात, स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या जात. पण निदान झालं तेव्हाच रोग पसरलेला होता. डॉक्टरांनी साधारण सहा महिन्यांची मुदत सांगितली.

ऑगस्ट १९७६ मध्ये ‘द टुनाइट शो’ या रात्रीच्या कार्यक्रमात, पाहुणे सूत्रसंचालक फ्लिप विल्सन यांच्याशी बोलताना, तिने आपला स्तन काढावा लागल्याचं सांगितलं. देशभर पाहिला जाणारा कार्यक्रम, समोर बसलेला माणूसही कृष्णवर्णीय, आणि सांगणारी २८ वर्षांची, वर्षभरापूर्वी सगळ्या रेडिओंवर वाजलेली गायिका. तिच्या आधी कोणत्याही कृष्णवर्णीय कलावतीने अशा व्यासपीठावर हे सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. १९७७ साली ती अमेरिकन कॅन्सर सोसायटीची प्रवक्ती झाली. गावोगाव कार्यक्रम करत, गाण्यासोबत लवकर तपासणीचं महत्त्व सांगत ती फिरली. १९७८ साली सोसायटीचा शौर्य पुरस्कार व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या हस्ते तिने स्वीकारला.

इथवरची हकिगत कोणत्याही चरित्रकोशात सापडेल. मला अडवलं ते पुढच्या गोष्टीने. या तीन वर्षांत तिने लोकांना आजार सांगितला, पण तो पसरला आहे आणि आपल्याला मुदत मिळाली आहे, हे सांगितलं नाही. ऐकणाऱ्यांना वाटलं, हिने कर्करोगावर मात केली. पुरस्कार घेणारी बाई बरी झालेली नव्हती. डॉक्टरांनी दिलेली मुदत केव्हाच उलटून गेली होती आणि ती त्यापुढे जगत होती.

१९७९ च्या सुरुवातीला उजव्या हाताला प्रचंड सूज आली. काखेतल्या ग्रंथी काढल्या की हातातल्या लसिकेचा निचरा नीट होत नाही, ती साचून हात फुगतो, जड होतो. डॉक्टरी भाषेत याला लिम्फीडिमा म्हणतात. तिच्या बाबतीत हात हलवणंच बंद झालं. त्या मे महिन्यात तिची ‘मिनी’ ही ध्वनिमुद्रिका आली. जूनच्या मध्यापासून ती अंथरुणाला खिळली. १२ जुलै १९७९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तिचं निधन झालं. नवऱ्याच्या मिठीत, स्टीव्ही वंडरने तिच्यासाठी पाठवलेलं गाणं ऐकताना ती गेली. वय ३१. मायाचा सातवा वाढदिवस पंधरा दिवसांवर होता.

साक्ष आणि तिचा शेवट

तिने लपवलं का, आणि ते चूक होतं का, या प्रश्नावर मी बराच काळ अडखळले. मनात मावशी होती. तिनेही लपवलं होतं, किंवा तिच्या वतीने आम्ही लपवलं होतं.

उत्तराचा एक धागा मला सोल संगीतातच सापडला. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये साक्ष देण्याची एक प्रथा आहे. एखादी बाई सगळ्यांसमोर उभी राहते आणि आपल्यावर काय संकट आलं, त्यातून देवाने कसं तारलं, ते सांगते. बाकीचे हुंकार देतात, टाळ्या देतात, मध्येच सूर लावतात. कीर्तनाला बसलेल्या आपल्या माणसांना हे परकं वाटणार नाही. सोलने ही साक्ष देवळातून बाजारात आणली. देवाच्या जागी प्रियकर आला, पण सर्वांसमोर उघडपणे आतलं दुःख सांगायचं हा सांगाडा तोच राहिला. अशा परंपरेत वाढलेली गायिका टेलिव्हिजनवर आजाराचं नाव घेते तेव्हा ती नवीन काही करत नसते, तिच्या आजीने चर्चमध्ये केलं तेच करत असते.

पण साक्षीची एक अट असते. ती तरून गेलेल्या माणसाने द्यायची असते. मी बुडत होते आणि मला वर काढलं, असाच तिचा शेवट हवा. मी अजून बुडतेच आहे, असं म्हणणाऱ्याला साक्षीत जागा नाही. आपल्या व्रतांच्या कहाण्याही सुफळ संपूर्ण व्हाव्या लागतात. कर्करोगाविषयी जागृती करणाऱ्या संस्थांनाही नेमकी अशीच कहाणी हवी असते. लवकर तपासा, बऱ्या व्हाल, या संदेशाला बरी झालेली बाई लागते. २८ व्या वर्षी, रोग पसरल्यावरच निदान झालेल्या आणि कधीच बऱ्या न होणाऱ्या बाईला त्या भित्तिचित्रात बसवता येत नाही. मला वाटतं, मिनीने आपल्या दुखण्याचा जो अर्धा भाग दुसऱ्यांच्या उपयोगाचा होता तो दिला आणि उरलेला स्वतःजवळ ठेवला. तिला गात राहायचं होतं, दोन मुलं वाढवायची होती. मरणाऱ्या गायिकेला ऐकायला येणारे श्रोते निराळे असतात. त्या अर्ध्या मौनाबद्दल मी तिला दोष देऊ शकत नाही.

उरलेलं अर्धं सांगण्याचं काम दुसऱ्या एका कृष्णवर्णीय स्त्रीने केलं, आणि तेही जवळपास त्याच वेळी. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचा स्तन १९७८ च्या सप्टेंबरात काढला गेला. ‘द कॅन्सर जर्नल्स’ हे त्यांचं पुस्तक १९८० साली आलं. त्यांनी कृत्रिम स्तन लावायला नकार दिला. त्या तशाच डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा तिथल्या परिचारिकेने सांगितलं, तुम्ही हे लावलं नाहीत तर इथल्या लोकांचं मनोधैर्य खचतं. लॉर्ड यांचा सवाल असा होता, की एका डोळ्यावर पट्टी बांधणाऱ्या इस्रायली सेनानी मोशे दायान यांना काचेचा डोळा बसवा असं कोणी म्हणतं का? त्यांना शूर म्हणतात. मग स्तन गमावलेल्या बाईनेच काही घडलं नाही असं का दाखवायचं? ज्यांना हे झालंय त्या एकमेकींना ओळखणार कशा? लॉर्ड यांचाही रोग पुढे यकृतात गेला आणि १९९२ साली त्या वारल्या. पण भीती, राग, वेदना, यांतलं काही त्यांनी झाकलं नाही.

मिनीचं गाणं कोट्यवधींनी ऐकलं. लॉर्ड यांचं पुस्तक त्यामानाने थोड्यांनी वाचलं. दोन्हींची गरज होती, असं मी भाचीला म्हणाले तेव्हा ती म्हणाली, “सलाइन चालू असताना मला गाणं पुरलं. घरी आल्यावर रात्री पुस्तक लागलं.”

नाव घेतल्यानंतर

मिनी गेल्यानंतर जागृतीला मोठं रूप आलं. १९८५ पासून अमेरिकेत ऑक्टोबर महिना या कामासाठी राखला गेला, १९९० च्या दशकात गुलाबी फीत आली. आता आपल्याकडेही दिवाळीच्या खरेदीच्या जाहिरातींतच ती फीत दिसते. वैद्यकाचंही पुष्कळ बदललं. बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले आणि हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया मागे पडली. पुष्कळ स्त्रियांत फक्त गाठ काढून आणि किरणोपचार देऊन तितकंच आयुष्य मिळतं, हे सिद्ध झालं. ज्या घरगुती तपासणीचा एवढा प्रचार झाला तिचीही परीक्षा झाली. चीनमधल्या शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार स्त्रियांवरच्या प्रयोगाने २००२ साली दाखवलं, की केवळ स्वतः चाचपून पाहण्याचं रीतसर शिक्षण दिल्याने मृत्यू घटले नाहीत. म्हणून हाताला गाठ लागली तर गप्प बसावं असा याचा अर्थ नाही. अर्थ असा, की कळण्याच्या पुढे तपासणी आणि उपचार वेळेवर मिळाले पाहिजेत.

नेमकं तेच मिनीच्या माणसांना मिळालं नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचा या रोगाने होणारा मृत्युदर जवळजवळ सारखा होता. पुढे उपचार सुधारले आणि अंतर वाढत गेलं. आज कृष्णवर्णीय स्त्रियांत हा रोग होण्याचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी आहे, पण त्याने मरण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त आहे. रोगाचा एक आक्रमक प्रकार त्यांच्यात अधिक आढळतो हे एक कारण. पण विमा नसणं, उशिरा निदान, उपचारांत पडणारा खंड, ही कारणं माणसांनी तयार केलेली आहेत.

न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलमधले शल्यविशारद हॅरल्ड फ्रीमन यांनी ती मोजून दाखवली. १९६४ ते १९८६ या काळात त्यांच्याकडे आलेल्या ६०६ स्त्रियांपैकी पाच वर्षं जगलेल्या फक्त ३९ टक्के होत्या. साधारण निम्म्या स्त्रिया आल्या तेव्हाच रोग फार पुढे गेलेला होता. १९७९ मध्ये, मिनी गेली त्याच वर्षी, फ्रीमन यांनी हार्लेममध्ये मोफत तपासणी केंद्रं काढली. १९९० मध्ये त्यांनी एक साधी गोष्ट सुरू केली. तपासणीत काही संशयास्पद निघालं, की त्या बाईसोबत वस्तीतलाच एक माहितगार माणूस द्यायचा. तो तारखा घेणार, अर्ज भरणार, पैशांची वाट दाखवणार, आणि ती घाबरून घरी बसली तर तिच्या दारात जाणार. पुढच्या काळात त्याच रुग्णालयात पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांवर गेलं. तपासणी आणि सोबत, दोन्ही मिळून हे झालं.

आमच्या घरात

आपल्या देशात आज स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिला आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून शहरातल्या झोपडवस्त्यांतल्या दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग अलीकडच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र तसा फायदा दिसला नाही. आमची मावशी ४४ ची होती, भाची ३८ ची. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे तरुण बाईच्या बाबतीत अजूनही तिने स्वतः वेळेवर तोंड उघडणं आणि घराने ते ऐकणं, यावरच पुष्कळ काही अवलंबून आहे.

भाचीच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली. आनुवंशिक दोष निघाला. अशा रुग्णांचं प्रमाण शंभरात पाच ते दहा असतं. म्हणजे तिच्या आजोळच्या प्रत्येक बाईला हे कळायला हवं होतं, आणि १९८६ साली बंबात गेलेले कागद जपले असते तर कदाचित कधीच कळलं असतं. आईवर मी रागावले नाही. तिला दोन मुली उजवायच्या होत्या. पण तिने आमच्या लग्नांसाठी जे जाळलं त्याची किंमत तिच्या नातीने मोजली, हेही खरं आहे.

भाचीचे उपचार आता संपले आहेत. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. ती बरी आहे, असं मी लिहिणार होते. ती म्हणाली, “बरी आहे असं लिहू नकोस. आजच्या तारखेला ठीक आहे, असं लिही.” तसं लिहिते.

तिच्या परवानगीने मी एक पानभर मजकूर तयार केला. मावशीचं नाव, वय, सुजलेला हात, मिरजेच्या दोन फेऱ्या, भाचीचा आजार, तपासणीत काय निघालं, कोणी कोणी तपासून घ्यावं. तो घरच्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. दिवसभर कोणी काही बोललं नाही. रात्री एका मामेबहिणीचा फोन आला. “अगं, हे सगळ्यांत कशाला टाकलंस? आमच्या मुलीचं स्थळ ठरत आलंय.” चाळीस वर्षांनी तेच वाक्य. मी मजकूर काढला नाही. ती ग्रुप सोडून गेली.

तीन दिवसांनी मावशीच्या धाकट्या सुनेचा मला वेगळा निरोप आला. तिचा मावशीशी रक्ताचा संबंध नाही, म्हणजे मी लिहिलेलं तिच्यासाठी नव्हतंच. “ताई, मला दोन महिन्यांपासून काखेत गाठ लागतेय. घरात कोणाला बोलले नाही. कोणाकडे जाऊ?”

मी डॉक्टरीणबाईंना फोन करून दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घेतली. मग सुनेला कळवलं, की साडेनऊला स्वारगेटला उतर, मी तिथे उभी असेन.